बेटाच्या दाराशी

आमच्या घराण्यात सुट्टी घालवण्यासाठी प्रवास करण्याची रीत नव्हती. प्रवास व्हायचा तो लग्नाला, मय्यतीला, नाहीतर दवाखान्याला. अब्बा फार तर वर्षातून एकदा बडनेऱ्याहून गाडी धरून ताजबागच्या उर्साला नागपूरला जात. मुले मोठी झाल्यावर आम्ही चिखलदऱ्याला जाऊ लागलो. तेही सकाळी डबा बांधून जायचे आणि मगरिबच्या आत परतवाड्याला उतरायचे. त्यामुळे मागच्या ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होत असताना माझ्या पत्नीने रुमालात बांधलेली रक्कम दस्तरखानाच्या कडेला ठेवली आणि "मला एकदा समुद्र पाहायचा आहे" असे म्हटले, तेव्हा आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो.

रक्कम भिशीची होती. मोहल्ल्यातल्या बारा बायकांची भिशी ती कित्येक वर्षे चालवते. त्या पैशांतून आजवर आमच्या घराचे छत झाले, मुलीचे शिक्षण झाले, अम्मीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. स्वतःसाठी तिने काही मागितल्याचे मला आठवत नाही. तिचे माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. तालुक्याच्या नावात दर्या, विहिरीच्या पाण्यात मीठ, आणि समुद्र मात्र गावात कोणी पाहिलेला नाही, असे ती लग्न होऊन आली तेव्हापासून हसत सांगत आली होती. तीस वर्षे आम्ही ते विनोद म्हणून ऐकले.

अम्मीने आधी विचारले की एवढ्या पैशात उमरा होत नाही का. शेजारच्या एका बुजुर्गांनी तर स्पष्टच सांगितले की नुसते फिरण्यावर पैसा उडवणे म्हणजे इस्राफ. प्रश्न खोटा नव्हता. ज्या मोहल्ल्यात शाळेच्या फीसाठी मुले घरी बसतात, तिथे समुद्र पाहायला जाणे ही उधळपट्टीच वाटू शकते. पण पैसा तिचा होता, तिच्या बचतीचा होता; आणि पृथ्वीवर फिरा, पाहा, विचार करा असे ज्या किताबाने वारंवार सांगितले ती किताब आमच्याच घरात सकाळी उघडली जाते. "जाऊ द्या तिला," असे शेवटी अम्मीच म्हणाली. मग प्रश्न उरला तो एवढाच की जायचे कुठे.

आणि इथेच आमची गाडी दोन महिने अडकली.

माझा धाकटा भाऊ अकोल्याला असतो. सरकी-ढेपेचा व्यापार करतो, चार गावे हिंडलेला आहे. त्याने ठणकावून सांगितले, "भाईजान, लक्षद्वीप. शंभरातले शहाण्णव लोक आपले. खाण्याची काळजी नाही, मशीद शोधावी लागत नाही, दारूचा त्रास नाही. बायकापोरांना घेऊन बिनघोर फिरा." माझा मुलगा इतिहासात एम.ए. करतो. तो म्हणाला, "अंदमान. तिथे आपला इतिहास आहे. समुद्र तर कुठेही दिसतो, पण काळे पाणी एकाच ठिकाणी आहे." मोहल्ल्यातल्या एका तरुणाने तिसरेच सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरची छायाचित्रे आली आणि मालदीवच्या काही मंत्र्यांनी त्यावर वाईटसाईट लिहिले, तेव्हापासून मालदीवला न जाता लक्षद्वीपला जाणे हे देशप्रेमाचे लक्षण ठरले होते. "चाचा, लक्षद्वीपला जा, आपल्या देशाचे आहे," असे तो मला समजावत होता.

तीन माणसे, तीन कारणे. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा माझ्या लक्षात आले की तिन्ही कारणांत एक शब्द सारखा आहे : आपले. आपली माणसे, आपला इतिहास, आपला देश. या शब्दात वाईट काही नाही. माणूस परक्या ठिकाणी जाताना ओळखीचा आधार शोधतोच. पण या शब्दाला जरा खरवडून पाहिले, तर तो सगळा आपल्याचविषयी बोलतो. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही.

पहिले "आपले" घेऊ. लक्षद्वीप म्हणजे छत्तीस बेटांचा समूह. त्यांतल्या दहा बेटांवर वस्ती. सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. अकोला शहराच्या हद्दीत ती सगळी सहज मावतील. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४,४७३ होती आणि खरोखरच त्यांतले ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. पण म्हणून ते आमच्यासारखे आहेत काय? बहुतेक बेटांवर मल्याळमची एक बोली चालते, मिनिकॉयला महल भाषा. शतकानुशतके तिथली घराणी आईकडून चालत आली. लीला दुबे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कल्पेनी बेटावरच्या या पद्धतीविषयी १९६९ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच मातृवंश आणि इस्लाम हे दोन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. तिथे घराण्याची सामाईक मालमत्ता, जी आईच्या बाजूने पुढे जाते, तिला शुक्रवारची मालमत्ता म्हणतात. आणि माणसाने स्वतः कमावलेली, जी शरियतप्रमाणे वारसांना जाते, ती सोमवारची. नवरा बायकोच्या घरी जायचा. बायको आपल्या आईचे घर सोडायची नाही. आमच्या वऱ्हाडातल्या घरात, जिथे सून उंबरठा ओलांडून येते आणि मग तीस वर्षे माहेरच्या विहिरीचे विनोद सांगत राहते, हे ऐकून भाऊ चमकला. "असं कसं?" असे तो म्हणाला. असेच. कलमा तोच, घराची रचना वेगळी. जो माणूस तिथे "आपली माणसे" पाहायला जाईल, तो एक तर निराश होईल किंवा त्यांना दुरुस्त करायला निघेल. दोन्ही गोष्टी पाहुण्याला शोभत नाहीत.

दुसरे "आपले" जास्त खोल आहे, म्हणून त्याला जास्त जपून हात लावायला हवा. मराठी माणूस अंदमानला जातो तो बहुधा सेल्युलर जेल पाहायला आणि सावरकरांची कोठडी पाहायला. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. माझ्या मुलाने त्याच्या आधीची पाने काढली. १८५७ चा उठाव चिरडल्यावर मार्च १८५८ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरवली गेली. अल्लामा फजले हक खैराबादींना तिथे धाडले गेले आणि १८६१ मध्ये ते तिथेच वारले; उठावाची हकीगत त्यांनी कैदेत असताना अरबीत लिहून ठेवली. मौलाना जाफर थानेसरी १८६६ ला तिथे पोचले आणि १८८३ ला सुटले; परत येऊन त्यांनी 'तवारीखे अजीब' लिहिले. १८७२ मध्ये शेर अली नावाच्या पठाण कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला तिथेच ठार केले आणि तो फासावर गेला. १९२१ च्या मलबारच्या बंडानंतर मोपल्यांना तिथे नेऊन टाकले. त्यांनी वसवलेल्या गावांना त्यांनी आपल्या सुटलेल्या गावांची नावे दिली. म्हणून आजही दक्षिण अंदमानात तिरूर आहे, मंजेरी आहे, कालिकत आहे. हे ऐकताना अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. तिथे जाऊन फातेहा पढावा असे कोणाला वाटणार नाही?

पण त्याच इतिहासाचे आणखी एक पान आहे. कैद्यांनी जे जंगल तोडले ते रिकामे नव्हते. ते ग्रेट अंदमानी लोकांचे घर होते. मे १८५९ मध्ये त्यांनी धनुष्यबाण घेऊन कैद्यांच्या वसाहतीवर हल्ला केला. त्यांच्यात वर्षभर राहिलेल्या, त्यांच्यातच लग्न केलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्याने इंग्रजांना आधीच खबर दिली होती. बंदुकांपुढे बाण टिकले नाहीत. त्या काळात जे लोक काही हजार होते, ते पुढे रोगराईने आणि दारूने खचत गेले आणि आज काही डझन उरले आहेत. आमचे शहीद तिथे जुलमाने नेले गेले यात शंका नाही. त्यांनी कुऱ्हाड स्वतःच्या मर्जीने उचलली नाही. पण कुऱ्हाड पडली ती तिसऱ्याच्याच घरावर. ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या हातूनही दुसऱ्यावर जुलूम होऊ शकतो, हे अंदमान सांगते. आणि "आपला इतिहास" म्हणून तिथे जाणाऱ्याला ते ऐकावेच लागेल.

तिसऱ्या "आपल्या"विषयी फार बोलायला नको. एका बेटाला शिक्षा करण्यासाठी दुसऱ्या बेटावर जायचे, यात दोन्ही बेटांवरची माणसे बाजूला राहतात. ज्याच्या घरी जायचे त्याला आपण म्हणतो, "तुमची ओढ होती म्हणून नाही आलो, शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणून आलो." अशा पाहुण्याला कोण काय म्हणेल!

आता कबूल करायची गोष्ट कबूल करतो. ही सगळी चर्चा दोन महिने आम्ही पुरुषांनी केली. मोबाइलवर नकाशे पाहिले, भाड्यांचे हिशेब केले, अकोल्याहून फोन आले, इथून फोन गेले. जिचे पैसे होते आणि जिची इच्छा होती, ती चहा आणून ठेवत होती आणि परत आत जात होती. एका रात्री भाऊ आला असताना ती दारात थांबली आणि तिने एकच प्रश्न विचारला.

"पीने का पानी कहाँ से आता वहाँ?"

आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही. बेटावर काय पाहायचे ते आम्हाला ठाऊक होते. बेटावरची बाई घागर कुठे भरते ते ठाऊक नव्हते. हा प्रश्न खारपाणपट्ट्यातल्या बाईलाच सुचू शकतो. धरणाचे नळपाणी येण्याआधी तिच्या गावात गोड पाण्यासाठी कोसभर जावे लागे. घरी पाहुणा आला की आईच्या चेहऱ्यावर आधी आनंद यायचा आणि मग तिची नजर माठाकडे जायची, असे ती सांगते. पाहुण्याला हे कळू न देणे हीच मेहमाननवाजी. आणि ते आपणहून ओळखणे ही पाहुण्याची शराफत.

मग मी शोधाशोध केली. लक्षद्वीपला नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूतून झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. त्या तरंगत्या थरावर विहिरी चालतात. उपसा वाढला की थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर येते. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला. त्याचेच अनुकरण पुढे इतर बेटांवर झाले. म्हणजे तिथल्या हॉटेलात पाहुणा नळ सोडून दाढी करतो तेव्हा तो कोणाच्या तरी माठातले पाणी वापरत असतो. प्रवाळाचीही तीच गत. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले. बेट उभे आहे ते या प्रवाळावर. लाटांचा मार तेच अंगावर घेते. म्हणजे ज्या निळ्या पाण्याचे छायाचित्र पाहून आपण जातो, त्या पाण्याखालचा पायाच आजारी आहे.

पत्नीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या गावासारखंच. खाली खारं, वर थोडं गोड." एवढ्या एका वाक्यात तिला ते बेट जितके कळले तितके आम्हाला दोन महिन्यांत कळले नव्हते. भाऊ तिथे आपला धर्म शोधत होता, मुलगा आपला इतिहास. तिने त्यांची अडचण ओळखली. मला वाटते, परक्याला ओळखण्याचा हा रस्ता जास्त खरा आहे.

मग तिने दुसरी गोष्ट काढली, आणि ती माझ्यावर होती. चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही चिखलदऱ्याहून परतताना रस्त्याकडेला एक कोरकू बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चालली होती. दृश्य सुंदर होते. मी गाडी थांबवली आणि फोटो काढला. बाईने मान फिरवली. मी पुन्हा काढला. पत्नी तेव्हा काही बोलली नव्हती. आता म्हणाली, "तिला विचारलं होतं का तुम्ही?" मी नव्हते विचारले. मेळघाटात एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात, हे मी वर्तमानपत्रात वाचत होतो. तरी त्या हंड्यांत मला फक्त चित्र दिसले. आम्ही अमरावती-अकोल्याची माणसे दर रविवारी त्या डोंगरावर जातो, गाविलगडाच्या दरवाजाजवळ पाण्याच्या बाटल्या टाकतो, गाडीतली गाणी मोठ्याने लावतो आणि ढग पाहून परत येतो. मेळघाट हे आमचे जवळचे बेट. तिथे आम्ही कसे वागतो यावरून दूरच्या बेटावर कसे वागू हे कळायला हवे होते.

अंदमानात याच वागण्याचे मोठे रूप पाहायला मिळते. जारवा लोकांच्या राखीव जंगलातून एक रस्ता जातो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंद करण्याचा आदेश दिला, तरी गाड्यांचे ताफे जातच राहिले. त्याआधी १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली होती. बाहेरच्यांचा साधा रोगही त्यांना भारी पडतो. २०१२ च्या जानेवारीत एक चित्रफीत जगभर गाजली. तीत खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना नाचायला लावलेले होते. फोटो काढायला बंदी, थांबायला बंदी, खाऊ फेकायला बंदी अशा पाट्या आहेत; पण ज्या रस्त्याने जाण्याचे खरे आकर्षणच माणसे दिसण्याचे असेल, तिथे पाटी काय करणार? माझ्या हातातला फोन आणि त्या चित्रफितीतला कॅमेरा यांत अंतर आहे, पण दोन्ही एकाच वाटेवर आहेत.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात जाण्याचे अदब सांगितले आहेत. आधी इजाजत घ्या, घरच्यांना सलाम करा. परत जा असे सांगितले तर परत जा, त्यातच तुमची पाकीजगी आहे. तीनदा सलाम करूनही उत्तर आले नाही तर फिरावे, असे बुजुर्ग मुलांना शिकवतात. लहानपणापासून हे आम्ही लाकडी दाराविषयी शिकलो. पण घर म्हणजे फक्त चार भिंती काय? ज्या बेटाची रुंदी पायी वीस-पंचवीस मिनिटांत संपते, ते सगळे बेटच एक घर नाही का? ज्या जंगलात माणसे उघड्यावर झोपतात, त्याचा दरवाजा आपल्याला दिसत नाही म्हणून तो नाही असे कसे म्हणावे? सेंटिनल बेटावरच्या लोकांनी तर उत्तर इतके स्पष्ट दिले आहे की २०१८ मध्ये सगळे नियम मोडून तिथे उतरलेल्या एका अमेरिकन तरुणाला जीव गमवावा लागला. त्याचा हेतू त्याच्या मते चांगला होता. पण परत जा असे सांगितल्यावर चांगला हेतूसुद्धा दाराबाहेरच ठेवायचा असतो.

हेच आज सुधारलेल्या, पैसेवाल्या बेटांवरूनही ऐकू येते. अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटे आहेत. युरोपातली कुटुंबे या बेटावर जावे की त्या बेटावर, याची चर्चा आमच्यासारखीच करतात. बावीस लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटांवर वर्षाला दीड कोटीहून अधिक पाहुणे येऊ लागले. एप्रिल २०२४ मध्ये तिथली हजारो माणसे रस्त्यावर उतरली. घरभाडे परवडेना, पाणी पुरेना. बेटाला मर्यादा असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांची पोटे पर्यटनावरच चालतात, तरी त्यांनी ते म्हटले.

इथे एक उलट प्रश्न भाऊने विचारला, आणि तो व्यापारी माणसाचा म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "सगळेच असे विचार करत बसले तर त्या लोकांनी खायचे काय? नारळ आणि टुना मासळी, यांवर किती घरे चालतील? तुम्ही गेला नाहीत म्हणून त्यांचे पाणी वाचेल, पण होडीवाल्याची मजुरी बुडेल." खरे आहे. न जाणे म्हणजे आपोआप पुण्य नव्हे. घरी बसून दुसऱ्याच्या बेटाची काळजी करणे ही स्वस्तातली नेकी आहे, आणि तिचा थोडा गर्वही होतो. शिवाय माणसे एकमेकांकडे गेलीच नाहीत तर ओळख होणार कशी? लक्षद्वीपच्या लोकांविषयी आमच्या मोहल्ल्यात आणि वऱ्हाडाविषयी त्यांच्याकडे जो अंधार आहे, तो घरी बसून जाणार नाही.

दुसरा उलट प्रश्न मुलाने विचारला. लक्षद्वीपला परवानगीशिवाय जाता येत नाही; १९६७ च्या नियमांनी ती अट घातलेली आहे. "पण ही परवानगी बेटावरचे लोक देतात की सरकार देते?" सरकार देते. २०२१ मध्ये तिथल्या प्रशासनाने जमिनीच्या विकासाविषयी, गोहत्येविषयी, दारूविषयी जे मसुदे आणले किंवा निर्णय घेतले, त्यांना बेटावरच्या लोकांनी कडाडून विरोध केला तेव्हा दिसले की सरकारचे हो आणि घरच्यांचे हो या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. तेव्हा कागदावरचा शिक्का म्हणजे पूर्ण इजाजत नव्हे. पण तो शिक्का एक गोष्ट शिकवतो. तो पाहुण्याला दाराशी थांबवतो आणि विचारतो, तू कोण, किती दिवसांसाठी, कुठे राहणार? विकत घेणाऱ्याला असे कोणी विचारत नाही, पाहुण्यालाच विचारतात. उरलेली इजाजत तिथे गेल्यावर माणसामाणसांकडून मिळवायची असते : फोटो काढण्याआधी विचारून, मशिदीत शिरताना त्यांच्या रिवाजाप्रमाणे वागून, नळ बंद करून, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणून.

शेवटी निर्णय तिने केला. तिची कसोटी साधी होती. जिथे जाण्याने घरच्यांच्या माठातले पाणी कमीत कमी जाईल, तिथे. लक्षद्वीपला जहाजावरच मुक्काम ठेवून दिवसा बेट पाहायचे आणि रात्री पुन्हा जहाजावर यायचे, अशा सहली कोचीहून निघत आल्या आहेत. खोलीचे सुख कमी, पण बेटावर भार कमी. अंदमानही तिने सोडले नाही. "पुढच्या भिशीला," म्हणाली. "कबरीवर फातेहा पढू, पण त्या जंगलाच्या रस्त्यानं जायचं नाही." मुलाने ते मान्य केले. म्हणजे दोन बेटांतून एक निवडून दुसरे नापास केले असे झाले नाही. प्रत्येक ठिकाणी जाण्याची एक रीत असते आणि न जाण्याची एक हद्द असते, एवढे ठरले.

अर्जाबरोबर पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही लागतो असे कळले. ठाण्यात माझ्या शेजारी बाकावर बसून ती म्हणाली, "पाहुणे जायचं तर चालचलणूक विचारणारच की." मला त्या क्षणापर्यंत हा दाखला म्हणजे एक कटकट वाटत होती. अर्जावर पहिले नाव तिचे आहे. तीस वर्षांत आमच्या घरच्या कुठल्या कागदावर तिचे नाव पहिले आले, असे मला आठवत नाही. तिच्या समुद्राची चर्चा आम्ही दोन महिने तिला न विचारता केली, त्याची ही अपुरी भरपाई.

हे लिहीत असताना उत्तर आलेले नाही. तिने मात्र पाच किलो तूरडाळ निवडून, चाळून कापडी पिशवीत बांधून ठेवली आहे. तिथे आपल्या ओळखीचे कोणी नाही, डाळ देणार कोणाला, असे मी विचारले. ती म्हणाली, "सलाम केल्यावर कोणीतरी 'या' म्हणेलच. तेव्हा हात रिकामे नकोत."

आणि उत्तर नाही असे आले तर? तर परत फिरू. डाळ घरी शिजेल. समुद्र पाहण्याचा तिचा हक्क त्याने बुडत नाही. तो दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर पुरा होईल. पण दाराशी थांबून उत्तराची वाट पाहणे आमच्या घराने या वयात शिकले. आता येत्या पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाऊ, तेव्हा ते आधी तिथे करून पाहायचे आहे.